आण्विक कचऱ्याचे विनाशरहित मापन

किरणोत्सारी कचऱ्याचे पिंप न उघडता व नमुना न काढता, बाहेर येणाऱ्या प्रारणांवरून आतील समस्थानिक ओळखून त्यांचे प्रमाण ठरविण्याच्या पद्धतीला आण्विक कचऱ्याचे विनाशरहित मापन म्हणतात.

गरज

महाराष्ट्रात ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र असून तारापूर (जि. पालघर) येथील अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांत हातमोजे, कापड, गाळण्या, जुने सुटे भाग असा घन कचरा निर्माण होतो. तो एकजिनसी नसल्याने लहानसा नमुना संपूर्ण पिंपाचे प्रतिनिधित्व करीत नाही. शिवाय पिंप उघडल्यास कर्मचाऱ्यांना प्रारणांचा धोका संभवतो.

साठवणुकीचा निर्णय या मापनावर अवलंबून असतो. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे असल्याने ३०० वर्षांत त्याचा सुमारे एक सहस्रांश भाग उरतो. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षे असल्याने तेवढ्या काळात ते एक टक्काही घटत नाही. म्हणून दीर्घायुषी समस्थानिकांचा कचरा वेगळा काढावा लागतो.

पद्धती

गॅमा वर्णपटमापन : प्रत्येक गॅमा-उत्सर्जक समस्थानिकाच्या किरणांची ऊर्जा ठराविक असते. सीझियम-१३७ साठी ती ६६२, तर कोबाल्ट-६० साठी १,१७३ व १,३३२ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेला अतिशुद्ध जर्मेनियमचा डिटेक्टर या ऊर्जा वेगवेगळ्या ओळखतो. पिंप फिरते ठेवून त्याचे थरांनुसार मापन करतात. पिंपाच्या दुसऱ्या बाजूस ज्ञात स्रोत ठेवून आतील पदार्थ किती किरण शोषतो, हेही तपासतात व त्यानुसार आकडा दुरुस्त करतात.

न्यूट्रॉन गणन : प्लुटोनियम-२४० चे उत्स्फूर्त विखंडन होताना बहुधा एकाहून अधिक न्यूट्रॉन एकाच वेळी बाहेर पडतात. हीलियम-३ च्या नळ्यांनी असे समकालिक न्यूट्रॉन मोजतात. प्लुटोनियमच्या समस्थानिकांचे परस्पर प्रमाण ज्ञात असल्यास त्यावरून एकूण प्लुटोनियम काढता येते.

मर्यादा

स्ट्राँशियम-९० मुख्यतः बीटा कण उत्सर्जित करते. त्यामुळे ते पिंपाबाहेरून थेट मोजता येत नाही. त्याच प्रवाहातील नमुन्यांच्या रासायनिक विश्लेषणातून सीझियमशी असलेले त्याचे गुणोत्तर आधी निश्चित करून अंदाज बांधतात. शिसे किंवा जाड धातूआड दडलेला स्रोतही प्रत्यक्षापेक्षा क्षीण भासतो. म्हणून मापनाच्या निष्कर्षासोबत अनिश्चितता व किमान मापनक्षमता नोंदवितात. ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘अस्तित्वात नाही’ असा होत नाही. त्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले नाही, एवढाच होतो.