गाभण घोडीचा शेवटच्या तीन महिन्यांतील आहार

घोडीचा गाभणकाळ साधारणपणे ३३५ ते ३४५ दिवसांचा, म्हणजे सुमारे अकरा महिन्यांचा असतो. पहिल्या सात-आठ महिन्यांत घोडीला नेहमीचा चांगला आहार पुरतो. मात्र पोटातील शिंगराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. याच काळात चीक तयार होतो आणि विल्यानंतरच्या दुधासाठी शरीरात साठा होतो.

बऱ्याच घोड्या हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत वितात. त्यामुळे शेवटचे तीन महिने नेमके हिरवा चारा कमी आणि उसाचे वाढे मुबलक अशा दिवसांत येतात. वाढे आणि गव्हाचा कोंडा यांवर घोडीचे पोट भरते, ती गोल दिसते, पण तिला पुरेसे कॅल्शियम मिळत नाही. शिंगराला लागणारे कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. त्यामुळे या काळात आहार किती यापेक्षा कशाचा आहे, याकडे जास्त लक्ष द्यावे.

घोडीचे वजन व अंगावरील मांस तपासा

आहार वजनावर ठरतो. काटा नसेल तर टेपने अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी करून ११,८८० ने भागल्यास अंदाजे वजन किलोमध्ये मिळते. उदा. घेर १६० आणि लांबी १५० सेंटिमीटर असल्यास वजन सुमारे ३२३ किलो येते.

पोटाच्या आकारावरून घोडीची तब्येत ठरवू नका. बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या दिसत नाहीत, पण बोटांना सहज लागतात, अशी स्थिती योग्य असते. बरगड्या उघड दिसत असतील तर दाणा हळूहळू वाढवा. बोटांनी दाबूनही लागत नसतील तर दाणा कमी करा, पण चारा तोडू नका. लठ्ठ गाभण घोडीला एकदम उपाशी ठेवल्यास रक्तातील चरबी वाढून जिवावर बेतू शकते.

रोजचा आहार (सुमारे ३५० किलो वजनाची घोडी)

- वाळलेले चांगले गवत : ४ किलो
- हिरवा लसूण घास : ६ ते ७ किलो
- दाणा मिश्रण : २ किलो, तीन वेळा विभागून
- खनिज मिश्रण : ५० ग्रॅम किंवा वेष्टनावर दिल्याप्रमाणे
- मीठ : ३० ग्रॅम
- स्वच्छ पाणी : कायम समोर, दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त

दाणा मिश्रणासाठी भरडलेले जव किंवा ओट १ किलो १०० ग्रॅम, भिजवलेला हरभरा ४०० ग्रॅम, सोयाबीन पेंड २०० ग्रॅम आणि गव्हाचा कोंडा ३०० ग्रॅम घ्यावा. घोडी लहान किंवा मोठी असेल त्या प्रमाणात मात्रा बदला. कच्चे सोयाबीन देऊ नका, पेंडच वापरा.

शिंगरू मोठे होते तशी पोटात चाऱ्यासाठी जागा कमी उरते. म्हणून चंदी एकाच वेळी न देता तीन वेळा द्या. एका वेळी दीड किलोपेक्षा जास्त दाणा दिल्यास पोटशूळ आणि खुरांचा दाह होण्याचा धोका वाढतो. चारा मात्र दिवसभर समोर असावा.

कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण

आहारात फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम असावे. गव्हाच्या कोंड्यात उलट स्थिती असते. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे आठ ते दहा पट असतो. जव, ओट यांतही कॅल्शियम कमीच असते. उसाचे वाढे आणि संकरित नेपियर यांतील ऑक्झलेट चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे वाढे आणि कोंडा हे मुख्य खाद्य असलेली घोडी दोन्ही बाजूंनी तोट्यात जाते. अशी घोडी लंगडते, पुढे तोंडाची हाडे सुजतात आणि शिंगराच्या हाडांवरही परिणाम होतो.

लसूण घासात कॅल्शियम व प्रथिने दोन्ही भरपूर असतात, म्हणून वरील आहारात तो महत्त्वाचा आहे. घास मिळत नसेल तर कोंडा बंद करा आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आहारात चुनखडीची खाद्य भुकटी घाला. खनिज मिश्रणात तांबे व जस्त असल्याची खात्री करा. घोडीच्या दुधात तांबे कमी असते. शिंगराला सुरुवातीचे महिने पुरणारा साठा जन्माआधीच त्याच्या यकृतात जमा होतो. सेलेनियमची मात्रा मात्र स्वतःच्या अंदाजाने वाढवू नका. ते जास्त झाल्यास विषबाधा होते.

हे देऊ नका

- हिरवे कडवळ : कोवळ्या ज्वारीत विषारी घटक असतो. गाभण घोडीने हिरवी ज्वारी सतत खाल्ल्यास तिच्या मागच्या भागातील तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे आणि शिंगरू आखडलेल्या पायांनी जन्मणे, असे प्रकार होतात. पूर्ण वाळलेला, स्वच्छ कडबा थोडा देता येतो.
- बुरशी आलेला चारा, मका किंवा शेंगदाणा पेंड : बुरशी आलेल्या मक्यातील विषामुळे घोड्याच्या मेंदूला इजा होते. वास घेऊन व हाताने चोळून पाहिल्याशिवाय चारा टाकू नका.
- गाई-म्हशींचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य : काही खाद्यांत मोनेन्सिन असते. गाईला चालणारी त्याची मात्रा घोड्याला मारक ठरते. जनावरांच्या खाद्यात युरियाही असू शकतो.
- युरिया प्रक्रिया केलेला चारा.

बाजारातून आणलेली किंवा भटकंतीवरची घोडी

सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो. तिथून गाभण घोडी घेतली तर आधीच्या मालकाला ती काय आणि किती खात होती, हे विचारून घ्या. शक्य असल्यास तोच चारा थोडा सोबत आणा. नवा आहार ७ ते १० दिवसांत, रोज थोडा वाढवत बदला.

धनगर मेंढपाळांकडील भीमथडी घोड्या कळपासोबत चालतात आणि वाटेवर चरतात. शेवटचे दोन-तीन महिने अशा घोडीवर बिऱ्हाडाचे ओझे लादू नका. मुक्कामावर संध्याकाळी तोबऱ्यातून दाणा, खनिज मिश्रण आणि मीठ द्या. हळू चालणे तिला चांगलेच असते.

विण्याआधीचे आठवडे

- सहा ते चार आठवडे आधी : धनुर्वाताची लस टोचून घ्या. जंतनाशकाबाबत पशुवैद्यकाला विचारा.
- चार आठवडे आधी : घोडी जिथे विणार तिथे आणून बांधा. तिथल्या रोगजंतूंविरुद्ध तिच्या चिकात प्रतिकारशक्ती तयार होते.
- चार ते दोन आठवडे आधी : कास भरू लागते. आहारात कोणताही नवा बदल करू नका.
- शेवटचे दोन-तीन दिवस : सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसतात. दाणा थोडा कमी करा. चारा व पाणी चालू ठेवा.

विण्यापूर्वीच दूध गळू लागले तर चीक वाया जातो. तो स्वच्छ भांड्यात काढून थंड ठेवा आणि पशुवैद्यकाला कळवा. शिंगराला आईच्या पोटात असताना प्रतिकारशक्ती मिळत नाही. ती फक्त चिकातून आणि तीही पहिल्या काही तासांतच मिळते.

विल्यानंतर

शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत चीक प्यावे आणि तीन तासांत वार पडावी. यातील काही झाले नाही तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा. वार ओढू नका. घोडीला कोमट पाणी, चांगले गवत आणि थोडा भिजवलेला कोंडा द्या. दूध वाढते तशी तिची गरजही वाढते, पण दाणा ७ ते १० दिवसांत टप्प्याटप्प्यानेच वाढवा.

गाभण घोडीने दिवसभर चारा सोडला, पोटाकडे वळून पाहत ती लोळू लागली किंवा खुरे गरम होऊन पाय टेकेना, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. शेवटच्या महिन्यात पशुवैद्यकाचा फोन नंबर तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवा, कारण घोड्या बहुतेक वेळा रात्रीच वितात.