बहिणीचा हिस्सा

भावंडांत मिळकतीचा वाद निघाला की आम्ही ‘शरियतप्रमाणे होऊ द्या’ म्हणून मोकळे होतो. शरियतीच्या हिशेबावर रिवाजाने किती वेळा मात केली, हे विसरतो. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुलींनी बापाच्या मिळकतीत कुराणातला हिस्सा मागितला. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी तो नाकारला. या जमातींत मुलींना वारसा न देण्याचा रिवाज त्यांनी ग्राह्य धरला. कुराण पढणाऱ्या घरात वारसा मात्र हिंदू वळणाचा! फायदा अर्थातच भावांचा.

१९३७ च्या शरियत कायद्याने असे रिवाज मोडीत काढले. शेतजमीन मात्र त्यातून वगळली.

हिशेब तसा अवघड नाही. समजा, ४८ लाखांचे घर. मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. कर्ज आणि वसियत भागवल्यावर बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे ६ लाख. उरलेल्या ४२ मध्ये मुलग्यांना १४-१४, मुलींना ७-७. हे हक्क बापाच्या मृत्यूबरोबरच मिळतात. घरपट्टी एकट्या थोरल्याच्या नावे निघाली म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही.

म्हणून आता हक्कसोडपत्र पुढे येते. ईदला माहेरी आलेल्या बहिणीला ‘आपा, एवढी सही कर’ म्हणतात. नाही म्हटले तर माहेर तुटते. फिक्हमध्ये वारसाने बाहेर पडण्याची ‘तखारुज’ची सोय आहे, पण त्यात मोबदला ठरतो, मग हिस्सा सुटतो. हक्कसोडपत्रावर ७ लाखांचा आकडा लिहिलेला आम्ही तरी क्वचितच पाहिला.