वंशावळ आणि प्रतिमा : आयसीआरसी उंदीर व नवजात प्राण्यांतील आनुवंशिक विकारांचे निदान

प्रस्तावना

प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या शरीरातील आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी शवविच्छेदन हाच दीर्घकाळ मुख्य आधार होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या प्रतिमांकन तंत्रांमुळे जिवंत प्राण्याचे अंतरंग अधिक तपशिलाने पाहणे शक्य झाले. प्रस्तुत लेखात मुंबईतील एका मूषकवंशाच्या आधारे या स्थित्यंतराचा विचार केला आहे.

परळचा मूषकवंश

परळ येथे 1952 साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे (1917-2001) यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि स्तनांच्या कर्करोगातील आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध उंदरांवर अभ्यासला. अशा अभ्यासाला एकजिनसी वंश लागतो. त्यासाठी सलग किमान 20 पिढ्या भावंडांचा संकर करून प्रत्येक विणीची नोंद ठेवावी लागते. या संस्थेत जोपासलेला उंदरांचा वंश तिच्या नावावरून ‘आयसीआरसी’ म्हणून ओळखला गेला.

या वंशात पुढे एक वेगळाच दोष आढळला. एच. पी. रांदेलिया व व्ही. एस. ललिता यांनी 1988 मध्ये ‘लॅबोरेटरी ॲनिमल्स’ या नियतकालिकात त्यातील महाअन्ननलिकेची, म्हणजे अन्ननलिका विकृतपणे रुंदावण्याची, नोंद केली. कर्करोग संशोधनाशी निगडित वंश अशा प्रकारे पचनसंस्थेच्या विकाराचेही प्रारूप ठरला. माणसातील अशा विकारात बेरियम पाजून क्ष-किरण चित्र घेतात. अन्ननलिकेचा आकार व अन्नाचा अडथळा त्यात स्पष्ट दिसतो.

नवजाताचे प्रतिमांकन

हेच तंत्र उंदराच्या नवजात पिल्लाला जसेच्या तसे लागू पडत नाही. पिल्लाचे वजन जेमतेम 1 ते 1.5 ग्रॅम असते, हाडे पूर्ण कठीण झालेली नसतात आणि हृदयाच्या व श्वासाच्या जलद गतीने चित्र अस्पष्ट होते. भूल व किरणोत्सर्गाची मात्राही जपून ठरवावी लागते. एक सोय मात्र निसर्गानेच केली आहे : पारदर्शक त्वचेतून पोटातील दुधाचा पांढरा ठिपका दिसतो आणि पिल्लू दूध पिते की नाही, हे उपकरणाविना कळते. तथापि दूध का पोहोचले नाही, हे तो ठिपका सांगत नाही.

पॉल लाउटरबर यांनी 1973 मध्ये चुंबकीय अनुनादावर आधारित प्रतिमा प्रसिद्ध केली, तर 1982 मध्ये क्ष-किरणांच्या सूक्ष्म छेदचित्रणाने गोगलगाईच्या शंखाची अंतर्रचना दाखविली. अस्थींसाठी सूक्ष्म छेदचित्रण, मृदू ऊतींसाठी चुंबकीय अनुनाद आणि धडधडत्या हृदयासाठी उच्च वारंवारतेचा ध्वनी अशी कार्यविभागणी पुढे रूढ झाली. एकाच पिल्लातील दोषाची वाढ दिवसागणिक पाहता येऊ लागली.

समारोप

रसेल व बर्च यांनी 1959 मध्ये पर्याय, संख्येत घट व वेदनेत घट ही त्रिसूत्री मांडली. भारतात 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा व 1998 चे प्रयोगविषयक नियम आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांनंतर ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांपुढेही विच्छेदनाला पर्याय शोधण्याचा प्रश्न उभा राहिला. त्या दृष्टीने प्रतिमांकनाचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र प्रतिमा केवळ दोष दाखविते. तो वंशागत आहे की आहार, संसर्ग वा जन्मकाळच्या इजेमुळे आहे, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी विणींच्या नोंदी व जनुकीय तपासणीच लागते. म्हणून विच्छेदनाची जागा प्रतिमेने घेतली, तरी नोंदवहीची जागा ती घेऊ शकत नाही, हे विद्यार्थ्यांना शिकविणे अगत्याचे ठरते.