चवदार तळे ते बिलॉक्सीचा किनारा : सार्वजनिक जागा कोणाची?

समुद्रकिनाऱ्यावर फिरणे हा आपल्याकडे हौसेचा विषय समजला जातो. अपंगांना किनाऱ्यावर जाता यावे, असा विषय आम्ही बैठकीत काढला की कार्यकर्ते विचारतात, "ॲट्रॉसिटीच्या केसेस रखडल्यात, पोरांना नोकऱ्या नाहीत आणि तुम्ही हे फेरफटक्याचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. पण ज्या चळवळीचा पहिला मोठा सत्याग्रह एका तळ्याच्या काठावर झाला, तिने पाण्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न किरकोळ समजू नये, असे आमचे म्हणणे आहे.

महाडचा घटनाक्रम आपल्याला पाठ असतो, पण त्यातला एक मुद्दा निसटतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव होता. म्हणजे हक्काचा आधार दया नव्हती, सार्वजनिक पैसा होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले झाले. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे चालत जावे लागले. त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने यायला १७ मार्च १९३७ उजाडले.

आता अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याकडे पाहू. तिथल्या बिलॉक्सी शहरालगत समुद्राच्या कडेने २६ मैलांची वाळूची पट्टी आहे. ती निसर्गाने दिलेली नाही. वादळापासून रक्षण करणाऱ्या भिंतीची दुरुस्ती आणि किनाऱ्याची बांधणी केंद्र सरकारच्या पैशाच्या मदतीने झाली, आणि किनारा कायम जनतेच्या वापरासाठी राहील, ही अट त्या पैशासोबत होती. तरीही काळ्या माणसाला त्या वाळूवर पाय ठेवता येत नव्हता.

१४ मे १९५९ रोजी डॉ. गिल्बर्ट मेसन हे कृष्णवर्णीय डॉक्टर काही मित्र आणि मुलांना घेऊन तिथे पोहायला गेले. पोलिसाने त्यांना पाण्याबाहेर काढले. नंतर डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याच्या कारभाऱ्यांकडे रीतसर अर्ज केला. मागणी संपूर्ण २६ मैलांची होती, काळ्यांसाठी वेगळा तुकडा त्यांना नको होता. २४ एप्रिल १९६० रोजी सव्वाशेच्या आसपास स्त्री-पुरुष आणि मुले किनाऱ्यावर गेली. गोऱ्यांच्या जमावाने त्यांना साखळ्या, पाइप आणि काठ्यांनी मारले. पोलीस बघत राहिले. महाडच्या वाचकाला यातले काहीच अनोळखी वाटणार नाही. २३ जून १९६३ रोजी लोक पुन्हा पाण्याकडे गेले, तेव्हा त्यांना अटक झाली. न्यायालयाने किनारा सर्वांना खुला ठरवला तो १९६८ मध्ये.

पण 'सर्वांना' म्हणजे कोणाला? खुल्या झालेल्या किनाऱ्यावर पायऱ्या होत्या, वाळू होती. व्हीलचेअरवरचा माणूस, मग तो काळा असो की गोरा, रस्त्यावरच थांबत होता.

१९७३ च्या अमेरिकन पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ आले. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या कोणत्याही उपक्रमात अपंगांशी भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. त्याची भाषा १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरून घेतलेली आहे. पुन्हा तोच आधार, सार्वजनिक पैसा. सरकारने नियम मात्र चार वर्षे काढले नाहीत. तेव्हा ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शंभराहून अधिक अपंग आंदोलक शिरले आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ तिथेच राहिले. त्यांना रोज गरम जेवण ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते पोहोचवत होते. ज्यांच्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेच हे पँथर. त्यांनी अपंगांचा लढा परका मानला नाही. अखेर सरकारला नियमांवर सही करावी लागली. आज तिथल्या किनाऱ्यांवर जे रॅम्प आणि वाळूवर अंथरलेल्या टणक चटया दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

आपल्याकडे संविधानाचे कलम १५(२) विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागांवरचा भेदभाव मनाई करते. त्यात महाड स्पष्ट ऐकू येते. मात्र त्या कलमात अपंगत्वाचा उल्लेख नाही. ती उणीव भरून काढायला २०१६ चा अपंग हक्क कायदा आला. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन त्यात होते. नियम जून २०१७ मध्ये निघाले, मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, बंधनकारक निकष ठरवा. दरम्यान सरकारने 'दिव्यांग' हे गोड नाव मात्र दिले. 'हरिजन' शब्दाला बाबासाहेबांनी विरोध का केला, हे ज्याला कळते त्याला हेही कळेल.

कोणी म्हणेल, पायरी काही जात विचारत नाही. खरे आहे. पण २०११ च्या जनगणनेत देशातल्या लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के आहे, अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. पायरी जात विचारत नसली तरी तिच्यापाशी अडणाऱ्यांत आपली माणसे जास्त आहेत.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ६ डिसेंबरला आम्ही वस्तीतल्या लोकांना घेऊन दादरला गेलो. सोबत व्हीलचेअरवर एक आजी होत्या. म्हणाल्या, "पोरांनो, बाबासाहेबांना ज्या वाळूवर निरोप दिला, तिथपर्यंत मला न्या." पाच-सहा हात गेलो आणि पुढची छोटी चाके वाळूत रुतली. चौघांनी खुर्ची उचलली, तशा त्या घाबरल्या. "नको रे, ठेवा मला खाली," म्हणाल्या. आम्ही परत येईपर्यंत त्या रस्त्याच्या कडेला बसून होत्या. बॅनर, जेवण, पाणी, पुस्तकांचा स्टॉल, सगळ्याचे नियोजन आम्ही केले होते. आजी कुठून जातील, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते.

म्हणून आमच्या मागण्या दोन आहेत. पहिली सरकारकडे. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक किनारी पदपथावर एकास बारा उताराचा रॅम्प, कठडा, अंधांसाठी स्पर्शपट्टी, ठरावीक अंतरावर बाक, व्हीलचेअर आत जाईल असे शौचालय आणि वाळूवर पाण्यापर्यंत टणक वाट हवी. काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी ती वाट अपंग माणसांनी स्वतः वापरून पाहावी. दुसरी मागणी आपल्याकडेच. येत्या १४ एप्रिलच्या तयारीच्या पहिल्या बैठकीला वस्तीतल्या अपंग भावंडांना बोलवा. आपल्या विहाराच्या आणि स्टेजच्या पायऱ्या मोजा. रॅम्पचा खर्च मंडपाच्या खर्चाआधी लिहा.

जय भीम!