झेब्र्याच्या अंगावर पट्टे का असतात आणि नखं खायची सवय सुटत का नाही? वाचा, विज्ञान काय सांगतं

'झेब्रा काळा की पांढरा?' हे कोडं लहानपणी प्रत्येकाने कुणाला ना कुणाला घातलेलं असतं. आणि 'नखं खाऊ नकोस' हे वाक्यही बहुतेक घरांत रोज कुणी ना कुणी ऐकतंच.

वरवर पाहिलं तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही. पण त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्हींची उत्तरं आपल्याला आधीपासून 'माहीत' असतात. पट्टे कशासाठी? तर सिंहापासून लपण्यासाठी. सवय कशी सुटते? तर २१ दिवस मनावर ताबा ठेवला की सुटते.

शास्त्रज्ञांनी ही उत्तरं प्रत्यक्ष तपासून पाहिली, तेव्हा दोन्ही टिकली नाहीत. मग खरं उत्तर काय? एकेक करून पाहूया.

आधी ते कोडं सोडवू

झेब्र्याचे केस काढले तर खालची कातडी काळीच दिसते. काळ्या पट्ट्याखालीही काळी आणि पांढऱ्या पट्ट्याखालीही काळीच. पांढऱ्या पट्ट्यातल्या केसांमध्ये रंगद्रव्य उतरत नाही, म्हणून ते पांढरे दिसतात. म्हणजे झेब्रा हा पांढरे पट्टे असलेला काळा प्राणी आहे, असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल.

हे कसं होतं ते कळलं. पण का होतं, यावर वाद जवळपास दीडशे वर्षं चालू आहे.

सिंहापासून लपण्यासाठी?

संध्याकाळच्या अंधुक उजेडात पट्ट्यांमुळे झेब्रा दिसेनासा होतो, असं आल्फ्रेड वॉलेस यांचं मत होतं. चार्ल्स डार्विन यांना ते पटलं नाही. आफ्रिकेच्या उघड्या माळरानावर असे पट्टे लपायला काय कामाचे, असा त्यांचा आक्षेप होता.

२०१६ मध्ये अमांडा मेलिन आणि टिम कॅरो यांच्या गटाने झेब्रा सिंहाच्या आणि तरसाच्या नजरेला कसा दिसत असेल याचा हिशोब मांडला. माणसाची नजर या प्राण्यांपेक्षा बारीक आहे. आपल्याला लांबूनही पट्टे स्पष्ट दिसतात, पण सिंहाला दिवसा साधारण ५० मीटरच्या पुढे आणि संधिप्रकाशात ३० मीटरच्या पुढे ते वेगवेगळे ओळखताच येत नाहीत. त्याला दिसतो तो एक करड्या रंगाचा, घोड्यासारखा प्राणी. आणि सिंह इतका जवळ येईपर्यंत त्याला झेब्र्याचा वास आणि आवाज आधीच लागलेला असतो. मग पट्ट्यांनी लपणार तरी कुणापासून?

उन्हापासून बचाव?

दुसरा तर्क असा होता की काळे पट्टे जास्त तापतात, पांढरे कमी तापतात, त्यातून अंगावर हवेचे छोटे झोत तयार होतात आणि झेब्र्याला गार वाटतं. ऐकायला पटण्यासारखं आहे.

हंगेरीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये याची साधी परीक्षा घेतली. पाण्याने भरलेल्या पिंपांवर वेगवेगळी कातडी चढवली. कुठे काळी, कुठे पांढरी, कुठे करडी, कुठे पट्ट्यांची. पिंपं उन्हात ठेवून आतल्या पाण्याचं तापमान मोजलं. पट्ट्यांच्या पिंपातलं पाणी करड्या पिंपातल्या पाण्यापेक्षा गार राहिलं नाही.

खरा शत्रू निघाली माशी

गुरं पाळणाऱ्यांना चावऱ्या माशीबद्दल वेगळं सांगायला नको. गुरांना आणि घोड्यांना चावून रक्त पिणारी गोमाशी, तिला काही ठिकाणी घोडेमाशीही म्हणतात, जनावराला नुसती हैराण करत नाही, तर रोगही पसरवते. आफ्रिकेत तिच्या जोडीला त्सेत्से माशी आहे. त्यात झेब्र्याचे केस आखूड असल्यामुळे माशीला चावणं सोपं जातं.

२०१२ मध्ये हंगेरीतल्या गटाने घोड्याच्या आकाराचे पुतळे करून त्यांना चिकट द्रव्य लावलं. पट्टेवाल्या पुतळ्याला सर्वांत कमी माशा चिकटल्या. २०१४ मध्ये कॅरो यांच्या गटाने घोडा, गाढव आणि झेब्रा यांच्या सगळ्या जाती कुठे राहतात ते तपासलं. जिथे चावऱ्या माशांचा त्रास वर्षातला जास्त काळ असतो, तिथल्याच जातींच्या अंगावर पट्टे जास्त होते.

सर्वांत रंजक प्रयोग २०१९ चा. इंग्लंडमधल्या एका तबेल्यात झेब्रे आणि घोडे शेजारी शेजारी होते. माशा दोघांच्याही जवळ सारख्याच प्रमाणात येत होत्या, पण झेब्र्यावर उतरणाऱ्या माशा घोड्याच्या मानाने साधारण पाव हिस्साच होत्या. व्हिडिओत दिसलं की झेब्र्याजवळ आल्यावर माशी वेग कमीच करत नाही. ती धडकते किंवा वरून निघून जाते. उतरायचा अंदाजच तिला येत नाही.

हा झेब्र्याच्या वासाचा परिणाम असेल का? म्हणून साध्या घोड्यांना झेब्र्यासारखे पट्टे असलेली झूल घातली. झुलीवर माशा कमी बसल्या. पण त्याच घोड्याच्या उघड्या डोक्यावर? तिथे नेहमीइतक्याच. म्हणजे कमाल पट्ट्यांचीच.

गायीला पट्टे रंगवले तर?

हा प्रयोगही झाला आहे. जपानच्या आईची प्रांतातल्या संशोधकांनी सहा काळ्या गायी घेतल्या. कधी त्यांच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले, कधी काळ्यावर काळाच रंग लावला, कधी काहीच लावलं नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या वेळी गायीवर बसलेल्या चावऱ्या माशा जवळपास निम्म्यावर आल्या. नुसत्या काळ्या रंगाने असा फरक पडला नाही, म्हणजे हा रंगाच्या वासाचा परिणाम नव्हता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाला २०२५ मध्ये इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. आपल्याकडे गोमाशीमुळे उंट, घोडे आणि गुरांमध्ये सर्रा नावाचा रोग पसरतो. माशा मारायला कीटकनाशकं फवारली की खर्च वाढतो, आणि माशा हळूहळू औषधाला दाद देईनाशा होतात. त्यामुळे औषधाशिवाय चावे कमी होत असतील, तर ते पशुपालकाच्या थेट फायद्याचं आहे.

माणसालाही हे लागू पडतं. २०१९ मध्येच माणसाच्या आकाराच्या पुतळ्यांवर प्रयोग झाला. गडद तपकिरी पुतळ्याकडे पांढरे पट्टे रंगवलेल्या पुतळ्याच्या दहापट घोडेमाशा आल्या. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातले काही समाज अंगावर पांढरे पट्टे रंगवतात. त्यामागची कारणं सांस्कृतिक आहेत, पण माशांपासून बचाव हा त्याचा एक फायदा असू शकतो.

मग वाघाचे पट्टेही माशांसाठीच का?

नाही. इथे गोष्ट उलटी आहे. वाघाला लपायचंच असतं, आणि तेही सावजापासून.

पण भडक नारिंगी रंगाचा प्राणी हिरव्या जंगलात लपणार कसा? उत्तर चितळाच्या डोळ्यात आहे. हरणांना लाल आणि हिरव्या रंगातला फरक कळत नाही. आपल्याला नारिंगी दिसणारा वाघ ताडोबातल्या चितळाला झाडोऱ्याच्याच रंगाचा दिसतो. वर उभे पट्टे गवताच्या आणि सावल्यांच्या रेषांत मिसळून जातात.

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, अगदी आपल्या बोटांच्या ठशांसारखे. म्हणूनच जंगलातल्या कॅमेऱ्यात आलेल्या फोटोंवरून वाघ मोजता येतात. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी अंदाजाने ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचं याच पद्धतीच्या आधारे सांगितलं गेलं.

ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये काही वाघ जवळपास काळे दिसतात. त्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवून दिलं की एका जनुकातल्या छोट्याशा बदलामुळे हे होतं.

थोडक्यात, पट्टे दिसायला सारखे असले तरी ते वेगवेगळ्या अडचणींवरचे उपाय आहेत. आता सवयींकडे वळू. तिथेही हेच लागू होतं.

सवय मेंदूत बसते कशी?

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ॲन ग्रेबिएल यांच्या गटाने उंदरांना एका छोट्या चक्रव्यूहात चॉकलेट शोधायला शिकवलं. सुरुवातीला उंदीर वाट शोधत असताना मेंदूच्या आतल्या एका भागातल्या पेशी सबंध वेळ काम करत होत्या. वाट पाठ झाल्यावर त्या पेशी फक्त सुरुवातीला आणि शेवटी जाग्या होऊ लागल्या. मधला सगळा भाग एका गठ्ठ्यासारखा आपोआप पार पडू लागला.

गाडीचा गियर टाकताना आपल्याला विचार करावा लागत नाही, तो यामुळेच. मेंदू कष्ट वाचवतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांच्या पाहणीत, लोक दिवसभरात जे काही करतात त्यातलं सुमारे ४३ टक्के सवयीने, तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत करतात, असं आढळलं.

ग्रेबिएल यांच्या प्रयोगातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चॉकलेट बंद केल्यावर उंदरांची सवय विरली. पण ते पुन्हा ठेवताच जुनी सवय लगेच परत आली. म्हणजे ती पुसली गेली नव्हती, फक्त झोपली होती. वर्षभरापूर्वी सुटलेली सवय एका लग्नाच्या मांडवात मित्रांसोबत पुन्हा सुरू होते, ती याचमुळे.

शिळे पॉपकॉर्नही संपतात

२०११ मध्ये वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थिएटरमध्ये काही लोकांना ताजे पॉपकॉर्न दिले, तर काहींना चक्क आठवडाभराचे शिळे. ज्यांना सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी शिळे पॉपकॉर्नही ताज्यांइतकेच खाल्ले. चव आवडली नाही, हे त्यांना स्वतःला कळत होतं, तरीही हात थांबला नाही.

मग दोन गोष्टी बदलून पाहिल्या. थिएटरऐवजी बैठकीच्या खोलीत बसवलं, तेव्हा शिळे पॉपकॉर्न बाजूला पडले. थिएटरमध्येच, पण रोजच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही खाणं कमी झालं.

यातून काय कळतं? सवय आवडीवर चालत नाही. ती जागा, वेळ आणि हाताच्या हालचालीला बांधलेली असते. म्हणून 'इतकं वाईट आहे हे कळतं, तरी सोडत कसा नाहीस?' या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही. कळणं वेगळं आणि हाताने ते आपोआप करणं वेगळं.

२१ दिवसांचं काय?

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे त्यातलं 'कमीत कमी' गळून पडलं आणि २१ दिवसांचा नियम झाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर नवी सवय लागण्याचा अभ्यास केला. मधला आकडा ६६ दिवस आला. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. अधूनमधून एखादा दिवस चुकला, तर फारसा फरक पडला नाही.

हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण बाविसाव्या दिवशी जुनी सवय दिसली की अनेकजण स्वतःला कमकुवत मनाचं समजून प्रयत्नच सोडून देतात. दोष मनाचा नसतो, त्या आकड्याचा असतो.

मग करायचं काय?

१. वेळ आणि जागा ओळखा. नखं नेमकी कधी तोंडात जातात? फोन पाहताना, अभ्यास करताना की वाट पाहताना? दोनचार दिवस फक्त नोंद ठेवा.

२. हाताला दुसरं काम द्या. १९७३ मध्ये अझरिन आणि नन यांनी मांडलेली पद्धत अशीच आहे. हात तोंडाकडे निघाला की मूठ घट्ट आवळायची. २०२३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी २६८ जणांवर आणखी सोपा उपाय तपासला. नखं खाण्याऐवजी किंवा केस उपटण्याऐवजी बोटांची टोकं एकमेकांवर हलकेच फिरवायची. सहा आठवड्यांत उपाय करणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणांना फरक पडला. नुसती वाट पाहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास होतं. सर्वांत जास्त फायदा नखं खाणाऱ्यांना झाला.

३. सवयीच्या वाटेत अडथळा ठेवा. रात्री फोन उशाशी असेल तर तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. फरसाणाचा डबा हाताशी असेल तर वरच्या फळीवर ठेवा.

४. घर किंवा नोकरी बदलली असेल तर संधी साधा. जुन्या खुणा सुटलेल्या असतात, नवी सवय लावायला ही चांगली वेळ.

तंबाखूची गोष्ट वेगळी आहे. मळून तोंडात टाकणं ही हाताची सवय आहेच, पण त्यात निकोटिनची शारीरिक ओढही असते. तिथे एकट्याने लढत बसू नये. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो आणि डॉक्टरांकडे औषधंही असतात. नखं कुरतडून रक्त येत असेल किंवा केस उपटून टक्कल पडत असेल, तरीही डॉक्टरांना दाखवायला हवं.

घरात एखादं मूल नखं खात असेल, तर त्याच्या हातावर चापट मारण्याआधी ते कधी आणि कुठे खातं हे दोन दिवस पाहा. उपाय सापडण्याची शक्यता तिथेच जास्त आहे.