१९३७ साली अंड्याला माप मिळालं, आपण अजून नगावरच विकतोय



गेल्या मे महिन्यात व्यापाऱ्यानं माझे अंड्यांचे नऊ ट्रे परत धाडले. टरफल पातळ, वाहतुकीत फुटतंय, आणि फोडलं की पांढरं पाण्यासारखं पसरतंय, असं त्याचं म्हणणं. मी खाद्यवाल्यावर खापर फोडलं, त्याच्याशी भांडलोही. नंतर तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो, तर त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि चूक माझ्याच शेडमधी निघाली. तेव्हापासून या विषयाचं मिळेल तसं वाचत आलोय. त्यातला इतिहास आज लिहितो, कारण आपल्या नफ्या-तोट्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

आमची आजी अंडी जोंधळ्याच्या कणगीत पुरून ठेवायची. डालग्याखाली खुडूक बसवायची अंडी वेगळी, बाजारची वेगळी. शंका आली की पाण्यात टाकून बघायची. बुडून आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाकून द्यायचं. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यातून ओल बाहेर जाते, आत हवा शिरते, बोथट टोकाची पोकळी वाढते आणि अंडं हलकं होतं. जगभर लोक हेच करत होते. शहरातले व्यापारी अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीपुढं अंडं धरून पोकळी आणि बलक बघायचे. पण हे सगळं नजरेचं काम. दोन माणसांची दोन मतं व्हायची.

माप आलं १९३७ साली. अमेरिकेत रेमंड हॉ या माणसानं सोपी रीत मांडली. अंड्याचं वजन करायचं, सपाट काचेवर फोडायचं, बलकाभोवतीच्या घट्ट पांढऱ्याची उंची मिलिमीटरमधी मोजायची, आणि दोन्हींचा हिशेब घालून एक आकडा काढायचा. त्याला हॉ युनिट म्हणतात, आपल्याकडं कोणी हॉग युनिट पण म्हणतं. अमेरिकी प्रतवारीत ७२ च्या वर डबल ए, ६० ते ७२ ए, त्याखाली बी. आजही प्रयोगशाळेत हेच माप चालतं.

योगायोग बघा, त्याच १९३७ साली आपल्या देशात शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा झाला, ज्यातून ॲगमार्क आलं. त्याआधी १९२८ ला शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल आला होता, आणि १९३५ ला सरकारनं पणन खातं काढलं. कायद्याच्या पहिल्या यादीत फळं, भाजीपाला यांच्याबरोबर अंडीही होती. वजनावर आकार ठरले, टरफल, पोकळी, पांढरं, बलक यांच्या अटी आल्या. ॲगमार्कची मध्यवर्ती प्रयोगशाळा तर आपल्या नागपुरातच आहे.

पांढरं पातळ का होतं? ताज्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड वायू भरलेला असतो. अंडं बाहेर पडलं की तो टरफलातून निघून जायला लागतो. पांढऱ्याचा सामू ७.६ च्या आसपास असतो, तो काही दिवसांत ९ च्या वर जातो. मग घट्टपणा धरून ठेवणारं प्रथिन सैल पडतं. उष्णता जितकी जास्त तितकं हे लवकर घडतं. म्हणजे अंडं घातल्या क्षणी सगळ्यात चांगलं असतं, पुढं फक्त उतरतं. ते किती वेगानं उतरायचं, एवढंच आपल्या हातात.

टरफलाची गोष्ट वेगळी. ती कोंबडीच्या पोटातच ठरते. अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले २० तास नुसत्या टरफलाला, आणि बरंचसं काम रात्री चालतं. एका टरफलाला दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं. १९४० साली वॉरन आणि श्नेपेल या अमेरिकी संशोधकांनी गरम हवेत कोंबड्या ठेवून दाखवलं की उष्णता वाढली की टरफल पातळ होतं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि टरफलाला लागणारा तोच माल कमी पडतो. शिवाय उन्हात ती खातेही कमी.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच होता, शेडमधी दुपारी किती तापतंय? वर नुसता पत्रा. दुसरा प्रश्न, कोंबड्यांचं वय काय? माझ्या म्हाताऱ्या झालेल्या. वयाबरोबर अंडं मोठं होतं, टरफलाचा माल तेवढाच राहतो, तो मोठ्या अंड्यावर पातळ पसरतो. तिसरा प्रश्न रोगाचा. ब्राँकायटिसचा रोग अमेरिकेत १९३१ साली पहिल्यांदा नोंदला गेला. तो होऊन गेलेल्या कोंबडीचं टरफल सुरकुतलेलं आणि पांढरं पाणीदार राहू शकतं. माझ्याकडं तो नव्हता, हे नशीब.

अंडी ठेवायच्या जागेचा प्रयोग मी घरीच केला. ५५ ग्रॅमच्या आसपासची तीन अंडी घेतली. एक त्याच दिवशीचं, एक पत्र्याखाली सहा दिवस ठेवलेलं, एक घरात माठाजवळ सहा दिवस ठेवलेलं. काचेवर फोडून खुणा केलेल्या काडीनं उंची मोजली. ७, ३ आणि साडेचार मिलिमीटर. पुतण्यानं मोबाईलवर हिशेब केला, ८५, ४९ आणि ६६. कोंबड्या त्याच, खाद्य तेच. फरक नुसत्या जागेचा.

आजीचं एक मात्र चुकायचं. बाजारला न्यायच्या आधी ती ओल्या फडक्यानं अंडी पुसायची. अंड्यावर निसर्गाचा पातळ थर असतो, तो छिद्रं झाकतो. तो गेला की जंतू आत शिरायला वाट मोकळी. अमेरिकेत अंडी धुतात, पण धुऊन लगेच थंडीत ठेवतात. युरोपीय संघात अ वर्गाचं अंडं धुतलेलं चालतच नाही. आपण धुतो आणि उन्हात ठेवतो.

गावरानचंही सांगतो. टरफलाचा रंग जातीवर, बलकाचा रंग खाद्यावर, म्हणजे मका न् हिरव्या पाल्यावर. पंधरा दिवस टोपलीत फिरलेलं तांबूस गावरान अंडं कालच्या पांढऱ्या अंड्यापुढं हॉ युनिटला हरतं.

मग एवढं माप असून आपल्याकडं का रुजलं नाही? १९८२ साली अंडी समन्वय समिती झाली, दर दलालाच्या हातातून उत्पादकाच्या हातात यावा म्हणून. ते मोठंच काम झालं. पण दर निघतो तो शेकड्याला. ताज्या अंड्याला चार पैसे जास्त नाहीत, शिळ्याला कमी नाहीत. म्हणून शेतकरी लक्ष देत नाही, आणि उन्हाळ्यात ट्रे परत आले की खाद्यवाल्याशी भांडतो. मी भांडलोच की.

आता मी पत्र्यावर पाचट टाकलंय. दिवसातून तीनदा अंडी गोळा करतो, सावलीत ठेवतो, धूत नाही, बोथट टोक वर करून ट्रे भरतो. दुपारनंतर शिंपल्याची जाडसर भरड देतो. जाड कण पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्री टरफल बनताना कामी येतो. म्हाताऱ्या कोंबड्या वेळेवर काढतो. गावातल्या दोन हॉटेलांना अंडी तारीख टाकून देतो, ते बाजारापेक्षा थोडा जास्त दर देतात.

तुम्ही अंडी कुठं ठेवता? एकदा काचेवर फोडून उंची मोजा आणि खाली लिहा. वजनासकट लिहिलं तर हिशेब पुतण्या करून देईल.