वणव्याचा धूर आणि नौकानयन

डोंगरउतारावर किंवा रानात लागलेल्या वणव्याचा धूर वाऱ्याबरोबर समुद्रावर उतरतो, तेव्हा किनाऱ्यालगत चालणाऱ्या जहाजांना व मच्छीमार नौकांना दिशा, अंतर आणि एकमेकींचे अस्तित्व ओळखणे अवघड होते. धुक्याप्रमाणेच धूरही दृश्यता घटवतो. मात्र धुके बहुधा मंद वाऱ्यात दाटते, तर वणवा पेटवणारा व पसरवणारा वारा अनेकदा धुरालाही समुद्राकडे ढकलत असतो. त्यामुळे खलाशाला कमी दृश्यता आणि नेहमीची वेळ व दिशा सोडून वाहणारा वारा या दोन अडचणींना एकाच वेळी तोंड द्यावे लागू शकते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर फेब्रुवारी ते मे हा काळ या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

== खारे वारे, मतलई वारे आणि धूर ==

दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरील थंड हवा किनाऱ्याकडे येते. यांना खारे वारे म्हणतात. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. ते मतलई वारे होत. शिडाच्या जहाजांच्या काळात या दोन वाऱ्यांवर किनारी वाहतुकीचे सारे वेळापत्रक उभे होते. पहाटेच्या मतलईवर बंदराबाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, ही रीत लहान होड्यांनी दीर्घकाळ पाळली. मराठ्यांच्या आरमारातील गलबतांना शिडांबरोबर वल्हीही असत व वारा पडला की ती मोठ्या गुराबांना ओढून नेत. किनाऱ्यालगतचा वारा दिवसातून दोनदा पडतो आणि फिरतो, याची जाणीव त्या रचनेत दिसते.

दिवसा कोकणातील डोंगरावर वणवा लागला, तर खारा वारा त्याचा धूर पूर्वेकडे, सह्याद्रीच्या कड्यांकडे नेतो. तेव्हा समुद्रावर हवा स्वच्छ असते आणि खलाशाला दूरवर धुराचा लोट तेवढा दिसतो. सूर्यास्तानंतर परिस्थिती पालटते. ज्वाळा मंदावतात, पण ओंडके, पालापाचोळा आणि बुंधे धुमसत राहतात. थंड झालेली जड हवा उतारावरून दऱ्यांत आणि दऱ्यांतून नदीखोऱ्यात उतरते व खाडीच्या मुखातून समुद्रावर पसरते. तिच्याबरोबर धूरही येतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा उष्ण अशी तापमान विपरीतता निर्माण झालेली असते. हा उष्ण थर झाकणासारखा वर बसल्याने धूर वर न जाता पाण्याच्या पृष्ठभागालगत पसरतो. हा सर्व व्यवहार पहाटेपूर्वी पूर्ण झालेला असतो, आणि लहान नौका खाडीतून बाहेर पडण्याची किंवा रात्रीची जाळी ओढून परतण्याची वेळही नेमकी तीच असते.

सकाळी ऊन चढल्यावर हा थर विरतो. तरीही एक गोष्ट नवख्या माणसाला चक्रावून टाकते. रात्री समुद्रावर गेलेला धूर तेथेच तरंगत असेल, तर खारा वारा सुरू होताच तो पुन्हा किनाऱ्याकडे येतो. म्हणजे आग जमिनीवर, पण धूर येतो तो समुद्राकडून. अशा वेळी धुराच्या दिशेवरून आगीची दिशा ठरवणारा फसतो.

धूर आणि धुके एकत्र आले तर स्थिती अधिक बिकट होते. धुराचे सूक्ष्म कण बाष्पाला साकळण्यासाठी केंद्रके पुरवतात. त्यामुळे थेंब लहान व संख्येने फार होतात आणि दृश्यता काही मीटरांवर येऊ शकते. २३ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतील लुईझियाना राज्यात दलदलीतील आगींचा धूर व धुके मिसळून महामार्गावर शंभराहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली. ही घटना रस्त्यावरची असली, तरी पाणथळ किनारपट्टीत असे मिश्रण किती दाट होऊ शकते हे तिच्यावरून कळते.

== खारा वारा उशिरा येतो ते दिवस ==

मार्च महिन्यात कोकणात काही दिवस पूर्वेकडून कोरडे, उष्ण वारे जोराने वाहतात. दख्खनच्या पठारावर तापलेली ही हवा सह्याद्री उतरताना दाबली जाऊन आणखी तापते. तिच्या जोरामुळे खारा वारा नेहमीच्या वेळी किनाऱ्यावर येऊ शकत नाही. कधी तो दुपार उलटल्यावर येतो, कधी दिवसभर क्षीण राहतो. किनारपट्टीवरील उष्णतेच्या लाटा बहुधा अशाच दिवशी येतात. मुंबईचे मार्च महिन्यातील उच्चांकी तापमान, ४१.७ अंश सेल्सिअस, २८ मार्च १९५६ रोजी नोंदले गेले.

हेच दिवस वणव्याचेही असतात. हवेतील आर्द्रता घटते, गवत पूर्ण वाळलेले असते आणि वारा आगीला डोंगरावरून वस्तीकडे व बागांकडे रेटतो. खलाशाच्या दृष्टीने अडचण अशी की, एरवी दिवसा पूर्वेकडे जाणारा धूर त्या दिवशी भर दुपारीही समुद्रावर येतो. दुपारच्या वाऱ्यावर परत येण्याचा अंदाज बांधून गेलेल्या लहान होडीला समोरून वारा आणि त्यातच धूर, अशा स्थितीत किनारा गाठावा लागतो. पूर्वेचा वारा अचानक पडून वायव्येचा वारा जोराने सुरू होणे हेही याच दिवसांत घडते. वारा फिरला की आगीची बाजू हीच तिची आघाडी बनते, म्हणून जमिनीवरील अग्निशमनातही हा क्षण सर्वांत धोक्याचा मानतात.

== महाराष्ट्र व गोवा ==

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. राज्यातील वणव्यांचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही. विदर्भातील पानझडी जंगलांत, उदाहरणार्थ यवतमाळ जिल्ह्यातील तेलंगणाच्या सीमेलगतच्या झरी जामणी तालुक्यासारख्या भागांत, सागाची वाळलेली पाने आगीला मुख्य इंधन पुरवतात. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवणे, तेंदूच्या झुडपांना नवी पालवी फुटावी म्हणून आग लावणे, ही अशा भागांतील वणव्यांची नेहमी सांगितली जाणारी कारणे आहेत. हा प्रदेश दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर असल्याने तेथील दाट धूर खोऱ्यातच रेंगाळतो व विरतो. नौकानयनाशी थेट संबंध येतो तो सह्याद्रीचा पश्चिम उतार आणि कोकणचे सडे यांवरील आगींचा, कारण डोंगर आणि समुद्र यांत तेथे अरुंद पट्टीचेच अंतर आहे.

कोकणात शेतकरी भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा, गवत व शेण पसरून पावसाळ्यापूर्वी जाळतात. यास राब भाजणे, तरवा भाजणे किंवा भाजावळ असे म्हणतात. ही आग नियंत्रित व थोडा वेळ चालणारी असते, पण वाऱ्याने ठिणगी उडाल्यास ती शेजारच्या गवताळ सड्यावर पसरते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड जिल्ह्यांत आंबा-काजूच्या बागा होरपळल्याच्या घटना दरवर्षी घडतात. या आगींची चर्चा साहजिकच बागायतदाराच्या नुकसानीपुरती होते. समुद्रावर उतरलेल्या धुराचा विचार क्वचितच केला जातो.

राज्यातील पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते. म्हणजे वणव्यांच्या हंगामाचा मोठा भाग मासेमारीच्या ऐन दिवसांत येतो. यांत्रिक नौकांवर दिशादर्शक उपकरणे असतात. परंतु लहान होड्यांचे तांडेल आजही किनाऱ्यावरील खुणांवर विसंबतात. एखादे देवळाचे शिखर आणि त्यामागचा डोंगर एका रेषेत आले की नौका कोठे आहे हे कळते. धुरात सर्वप्रथम लोपतात त्या याच खुणा. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटांसारख्या जागी ही रेषा चुकणे जिवावर बेतू शकते.

गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य व परिसरातील जंगलांत अनेक ठिकाणी आगी लागल्या. त्या विझवण्यासाठी भारतीय नौदल व हवाई दलाची हेलिकॉप्टरे वापरावी लागली; त्यांना लटकवलेल्या मोठ्या बादल्यांतून जंगलावर पाणी ओतण्यात आले. म्हादई नदी हीच पुढे मांडवी या नावाने पणजीजवळ समुद्राला मिळते. रात्रीची जड हवा अशाच नदीखोऱ्यांच्या वाटेने किनाऱ्याकडे सरकते.

== मलाक्का सामुद्रधुनी, १९९७ ==

वणव्याच्या धुराचा जहाज वाहतुकीवर झालेला सर्वांत ठळक परिणाम आग्नेय आशियात दिसला. १९९७ साली एल निनोमुळे इंडोनेशियात दीर्घ कोरडा काळ पडला. शेती व लागवडीसाठी जंगल जाळताना लागलेल्या आगी सुमात्रा व बोर्निओतील पीट जमिनीत शिरल्या. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसतो आणि ज्वाळांपेक्षा धूरच अधिक देतो. नैर्ऋत्य वाऱ्यांनी हा धूर मलाक्का सामुद्रधुनी, मलेशिया व सिंगापूरवर आणला. जगातील अत्यंत वर्दळीच्या या जलमार्गावर दृश्यता दिवसेंदिवस खालावलेली राहिली.

२६ सप्टेंबर १९९७ रोजी मलेशियाच्या पोर्ट डिक्सनजवळ ‘आयसीएल विक्रमन’ हे भारतीय मालवाहू जहाज आणि ‘माउंट १’ हे तेलवाहू जहाज यांची टक्कर झाली. विक्रमन बुडाले आणि त्यावरील २९ जण बेपत्ता झाले. तत्कालीन वृत्तांनी या दुर्घटनेचा संबंध सामुद्रधुनीवर पसरलेल्या धुराशी जोडला. त्याच दिवशी सुमात्रातील मेदान येथे गरुडा कंपनीचे प्रवासी विमान कोसळून २३४ जण मृत्युमुखी पडले. त्या परिसरातही धूर दाटलेला होता. मात्र त्या मोसमातील प्रत्येक अपघात धुराच्या खात्यावर टाकणे योग्य नाही. १५ ऑक्टोबरला सिंगापूरच्या सामुद्रधुनीत ‘एव्होइकॉस’ आणि ‘ओरापिन ग्लोबल’ या तेलवाहू जहाजांची टक्कर होऊन सुमारे २८,५०० टन इंधनतेल सांडले, तेव्हा ठपका जहाज चालवण्यातील मानवी चुकांवर ठेवण्यात आला.

धुराचे हे संकट नंतरही परतत राहिले. २१ जून २०१३ रोजी सिंगापूरचा हवा प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला. २०१५ मध्येही धुराचा मोसम लांबला.

== इतर घटना ==

८ ऑक्टोबर १८७१ रोजी अमेरिकेतील पेश्टिगो येथे महाभयंकर वणवा भडकला. त्याआधी कित्येक दिवस रानातील आगींचा धूर मिशिगन सरोवरावर पसरला होता आणि तेथील जहाजांना होकायंत्र व भोंग्यांच्या आधारे मार्ग काढावा लागत होता. कॅलिफोर्नियात वाळवंटी पठारावरून समुद्राकडे वाहणारे ‘सांता आना’ वारे आगी भडकवतात आणि धूर महासागरावर दूरवर नेतात.

काही प्रसंगी समुद्र हीच सुटकेची एकमेव वाट उरते. ग्रीसमधील माटी येथे २३ जुलै २०१८ रोजी पश्चिमेच्या जोरदार वाऱ्याने आग काही तासांत किनाऱ्यापर्यंत आणली. शंभराहून अधिक लोक मरण पावले आणि पाण्यात उतरलेल्या अनेकांना मच्छीमारांनी वाचवले. ऑस्ट्रेलियातील मल्लाकूटा येथे ३१ डिसेंबर २०१९ रोजी हजारो लोक किनाऱ्यावर अडकले. त्यांतील सुमारे एक हजार जणांना काही दिवसांनी नौदलाच्या ‘चूल्स’ या जहाजातून हलवण्यात आले. ८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाई बेटांवरील लहैना येथे डोंगरावरून उतरणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याने गावासह बंदरातील नौकाही जळाल्या. समुद्रात उड्या टाकलेल्यांपैकी १७ जणांना तटरक्षक दलाने बाहेर काढले. अशा प्रसंगी बचाव नौकेला ज्या दिशेला जायचे असते, नेमका तिकडूनच धूर येत असतो.

== नियम व दक्षता ==

समुद्रावरील टकरी टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ‘मर्यादित दृश्यता’ या संज्ञेची व्याख्या धुके, हिमवर्षाव, मुसळधार पाऊस, वाळूची वादळे ‘व तत्सम कारणे’ अशी आहे. धुराचा वेगळा उल्लेख नाही, पण तो या शेवटच्या शब्दांत येतो. त्यामुळे धुक्याचे सर्व नियम धुरालाही लागू होतात. वेग परिस्थितीला साजेसा ठेवावा लागतो. पुढच्या बाजूने दुसऱ्या जहाजाचा भोंगा ऐकू आल्यास वेग सुकाणू जेमतेम लागू राहील इतका कमी करणे, गरज पडल्यास थांबणे बंधनकारक आहे. समोरच्या बाजूला रडारवर आढळलेल्या जहाजाला चुकवण्यासाठी डावीकडे वळणे शक्यतो टाळावे, असेही नियम सांगतो.

इंजिनावर चालणारे जहाज दोन मिनिटांहून अधिक खंड न पाडता एक दीर्घ भोंगा देते. दीर्घ म्हणजे चार ते सहा सेकंदांचा. मासेमारीत गुंतलेल्या आणि शिडाच्या नौकांसाठी एक दीर्घ व लगेच दोन ऱ्हस्व असा संकेत आहे. तो ऐकताच मोठ्या जहाजाने समजायचे की, समोरची नौका चटकन बाजूला होऊ शकणार नाही. १२ मीटरपेक्षा लहान नौकांना हे संकेत सक्तीचे नाहीत, पण त्यांनी ठरावीक वेळाने कोणता तरी स्पष्ट आवाज केलाच पाहिजे. थाळी किंवा डबा बडवणेही चालते.

धुरातून पाहताना दिव्यांचे रंगही फसवतात. धुराचे कण निळा व हिरवा प्रकाश अधिक विखुरतात, लाल त्यामानाने कमी. म्हणून पांढरा दिवा तांबूस दिसतो आणि जहाजाच्या उजव्या बाजूचा हिरवा दिवा लवकर दिसेनासा होतो. रडारच्या लहरींची लांबी धुराच्या कणांहून कितीतरी मोठी असल्याने रडारला धुराचा फारसा अडथळा होत नाही. तथापि लाकडी किंवा फायबरच्या छोट्या होडीकडून परावर्तन क्षीण येते, आणि धुरात तिचा धोका त्यामुळेच अधिक असतो. धातूचा परावर्तक डोलकाठीवर उंच बांधल्यास ती रडारवर अधिक ठळक दिसते.

राखेने इंजिनाच्या हवेच्या गाळण्या तुंबतात. किनाऱ्याजवळ उडत आलेल्या ठिणग्यांनी नायलॉनची जाळी वितळतात, म्हणून ती ओली ठेवणे किंवा झाकणे हितावह ठरते. धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. साध्या ओल्या फडक्याने ते अडत नाहीत, त्यासाठी एन-९५ प्रकारचा मुखपट्टा लागतो.

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना वनविभागाला व नोंदणी केलेल्या नागरिकांना पाठवते. भारतीय हवामान विभाग आणि हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था वारे व लाटांचे अंदाज देतात. पूर्वेच्या कोरड्या वाऱ्याचा अंदाज आणि किनाऱ्यालगतच्या आगीची सूचना एकत्र वाचल्यास पहाटे कोणत्या खाडीच्या मुखाशी धूर असेल हे आदल्या संध्याकाळीच बरेचसे कळू शकते. समुद्रात अडकल्यास अतिउच्च वारंवारता संचावरील १६ क्रमांकाच्या वाहिनीवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर मदत मागता येते.